बायका पेटीतच राहिल्या

थियामलायच्या गळ्यात पाच माणसं राहतात, असं आमच्या शिलो गावात सगळे म्हणायचे. तरणा नायक, त्याची नायिका, खोकणारा म्हातारा, काळ्या तोंडाचा सेनापती आणि नाकात बोलणारा विदूषक. बाहुल्यांच्या खेळाचा हा जुना कायदाच आहे. बाहुल्या दहा असोत की वीस, मागून बोलणारा माणूस एकच. थियामलाय चौदाव्या वर्षापासून बोलत होता आणि आता साठीला टेकला होता. देवळासमोर लाकडी रंगमंच उभा करायचा, त्याच्या मागे उभं राहून दोन्ही हातांत बाहुल्या चढवायच्या, आणि मग हा गृहस्थ स्वतःशीच भांडायचा, स्वतःवरच प्रेम करायचा आणि शेवटी स्वतःलाच ठार मारायचा. समोर कधी दोनशे माणसं असत, कधी दोन कुत्री. त्याला फरक पडत नसे. खेळ देवासाठी असतो, माणसं फुकटची.

त्याची बायको सुआत पेट्या सांभाळायची. पुरुषांची पेटी डावीकडे, बायकांची उजवीकडे. कोणती बाहुली कधी लागणार हे तिला पाठ होतं, त्यामुळे थियामलायने न बघता हात मागे केला की हातात बरोबर ती बाहुली येई. खेळानंतर मळलेले झगे उतरवायचे, कॉलर घासायच्या, वाळवायचे, कापूर घालून घडी करायची, हेही तिचंच काम. चौतीस वर्षं हेच चाललं होतं. स्वस्थ बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. गप्पा मारतानासुद्धा तिच्या हातात सुई असायची, आणि सुई नसली तर ती समोरच्याच्या शर्टाची सुटलेली बटणं मोजायची.

तिच्या लक्षात आलं ते धुण्यावरून. चांद्र पंचांगाच्या अकराव्या महिन्यात, ज्या दिवशी घरोघरी तांदळाचे गोळे उकडून खातात त्या दिवशी, ती मागच्या अंगणात बादली घेऊन बसली आणि तिला वाटलं, आज धुणं लवकर संपलं. बरं झालं. पाणी असं गार होतं की बोटं आपलीच आहेत का हे बघावं लागत होतं. ती खूश होऊन आत गेली. हे खूश होणं पुढे तिला फार छळणार होतं.

दहा दिवसांनी पुन्हा धुणं निघालं आणि पुन्हा लवकर संपलं. या वेळी तिने हात पुसले आणि उजवीकडची पेटी उघडली. बायकांचे सगळे झगे घडीत होते. कापराचा वास तसाच. छुइलानचा, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या मुलीचा, फिकट हिरवा झगा तिने स्वतः जसा ठेवला होता तसाच होता. सुआत तिथेच उकिडवी बसून बोटांवर मोजायला लागली. छुइलान शेवटची रंगमंचावर आली ती आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, भूमीदेवाच्या देवळात. नंतर नवव्या महिन्याच्या नवमीला नदीपलीकडे खेळ झाला, त्यात नुसत्या लढाया. त्यानंतर दहा खेळ झाले. दहाही खेळांत सेनापती, दरोडेखोर, साधू, विदूषक. बाई एकही नाही. राजाची राणी नाही, चहावाली म्हातारी नाही, मोलकरीणसुद्धा नाही.

"हल्ली बायका कुठं गेल्या?" तिने जेवताना विचारलं.

"कुठल्या बायका?" थियामलाय वाटीत तोंड घालून म्हणाला.

"तुझ्या पेटीतल्या. दुसऱ्या कुठं असतील तर त्याही सांग."

"लोकांना मारामारी हवी असते. रडणाऱ्या पोरी कोण बघतो आता."

"लोक कधीपासून बघायला लागले तुझ्याकडे? तूच म्हणतोस ना, देव बघतो."

"मग देवालाही मारामारी हवी असेल," तो म्हणाला आणि खाकरला. बराच वेळ खाकरला. सुआतने गुपचूप गरम पाणी आणून ठेवलं.

आवाज बसला होता हे काही गुपित नव्हतं. उलट त्याचं कौतुकच चाललं होतं. आमच्या या धंद्यात बसलेल्या आवाजाला आजार म्हणत नाहीत, त्याला आवाज पिकला म्हणतात. शिकाऊ पोरं बांबूच्या बनात जाऊन घसा फुटेपर्यंत ओरडतात, तो मुद्दाम फोडून घेतात. फुटलेल्या घशातूनच सेनापती निघतो, असं जुने लोक सांगून गेले आहेत. त्यामुळे थियामलायचा आवाज खरखरायला लागला तेव्हा कुणाला भीती वाटली नाही. त्या वर्षी समुद्रदेवी मात्सूआईच्या देवळाच्या धूपपात्राचा, म्हणजे उत्सवाच्या यजमानपणाचा, मान बुनपिनकडे होता. सोया सॉसचे रांजण भाड्याने देणारा हा जाडजूड माणूस खेळ संपल्यावर मागे आला, थियामलायला सिगरेट पेटवून दिली आणि म्हणाला, "मास्तर, यंदा सेनापती बोलला तेव्हा माझ्या पोटात हललं. असाच ठेवा हा आवाज. तिसऱ्या महिन्यात मात्सूआईच्या वाढदिवसाला सलग तीन दिवस तुमचेच खेळ." थियामलाय लाजला. सुआतही तिथेच होती. तीही हसली होती.

घशासाठी तिने आपल्या परीने सगळं केलं होतं. दर वर्षी ती चिमुकली आंबट संत्री मिठात घालून बरणी भरायची. जितकी जुनी बरणी तितकी घशाला चांगली. सात वर्षांची काळीकुट्ट बरणी तिने याच हिवाळ्यात फोडली आणि रोज एक संत्रं गरम पाण्यात कुस्करून त्याला दिलं. बरणी अर्धी झाली, आवाज होता तिथेच. रस्त्यावरच्या काढ्यावाल्याने अंगात उष्णता वाढलीय म्हणून कडू काढा दिला. चौकातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तीन वेळा चघळायच्या गोळ्या दिल्या. चौथ्यांदा थियामलाय एकटाच गेला होता आणि येऊन म्हणाला, "गोळ्याच दिल्या." एवढं सांगून तो देवघरात उदबत्ती लावायला गेला होता. सुआतला ते आठवत होतं, कारण भरदुपारी तो कधी उदबत्ती लावत नसे.

तिने आ-गोआनला गाठलं. हा थियामलायचा धाकटा भाऊ, पन्नाशीचा, दादाच्या शेजारी उभा राहून दुय्यम बाहुल्या नाचवायचा. स्वभावाने इतका भित्रा की स्वतःच्या बाहुलीने तलवार उपसली तरी डोळे मिटायचा.

"वहिनी, मला काही विचारू नका," तो विचारायच्या आधीच म्हणाला.

"म्हणजे विचारण्यासारखं आहे."

"मागे एकदा तालमीत दादाने छुइलान हातात घेतली होती. तोंड उघडलं तर नुसती हवा आली. फुस्स. मला वाटलं मस्करी करतोय. मी हसलो. त्याने छुइलान उतरवली आणि म्हणाला, तुझ्या वहिनीला सांगितलंस तर तुझा हात मोडीन."

"आणि तू अळीमिळी गुपचिळी."

"हात माझा आहे ना, वहिनी."

त्या दिवसापासून सुआतला चैन पडेना. भात शिजत ठेवला की झाकण दहादा उघडून बघायची. रात्री त्याच्या श्वासाचा आवाज ऐकायची, सकाळी त्याने थुंकलेलं बघायची. इस्पितळात चल म्हटलं की तो म्हणायचा, वर्षअखेर आहे. खेळ आहेत. आधी हे होऊ दे. आणि खेळ असतच. या बेटावर देव इतके आणि त्यांचे वाढदिवस इतके, की आजारी पडायला रिकामा दिवस शोधायचा म्हटलं तर सापडायचा नाही.

मग बाराव्या महिन्याची चोविसावी तारीख आली. त्या दिवशी सगळे देव वर्षाचा अहवाल द्यायला वर स्वर्गात जातात आणि नव्या वर्षाच्या चतुर्थीला परत येतात. मधले दिवस देवघर रिकामं. वर्षभर धूपपात्राला कुणी हात लावायचा नसतो, जागचं हललं तर घराचं बसलेलं नशीब हलतं. हलवायचं ते फक्त या एका दिवशी, देव गेल्यानंतर. मग राख चाळायची, पात्र घासायचं, देवांच्या मूर्तींवरची धूळ मऊ कुंचल्याने झाडायची. सुआतने दुपारी देवांना गोड भरवून निरोप दिला, त्यांच्या प्रवासासाठी कागदी घोडे जाळले आणि स्टुलावर चढली.

धूपपात्र उचललं तर खाली घडी केलेला कागद होता.

देवाकडे काही मागायचं असेल तर त्याची चिठ्ठी धूपपात्राखाली ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. परीक्षेचा क्रमांक ठेवतात, लग्नाच्या पोरीची जन्मवेळ ठेवतात. सुआतला क्षणभर बरंच वाटलं, म्हाताऱ्याने काहीतरी मागितलंय. तिने घडी उलगडली. चौकातल्या दवाखान्याचा छापील कागद होता. नाव थियामलायचं. तारीख इंग्रजी, डिसेंबरची दोन. खाली डॉक्टरने लिहिलं होतं, आवाज आठ आठवड्यांहून जास्त बसलेला आहे, रोज धूम्रपान, मोठ्या इस्पितळात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दोन आठवड्यांच्या आत दाखवावे. "दोन आठवड्यांच्या आत" या शब्दांखाली त्याने दोनदा रेघ मारली होती. आता फेब्रुवारी लागला होता. नऊ आठवडे हा कागद देवाच्या पायाशी होता आणि त्यावर रोज राख पडत होती.

ती स्टुलावरून कशी उतरली हे तिला आठवत नाही. थियामलाय अंगणात सेनापतीच्या मिशा चिकटवत होता. तिने कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

तो बराच वेळ मिशा चिकटवत राहिला.

"देवाला दाखवला होता," अखेर तो त्या फाटक्या आवाजात म्हणाला.

"देव घशाचा डॉक्टर आहे?"

"कौल लावला होता. सीछिन राजालाच विचारलं. तो नटांचा देव, त्याला गळ्यातलं कळणार नाही तर कुणाला कळणार? विचारलं, आधी हंगाम करू, मग इस्पितळ? हो, असा कौल आला."

सुआत कौलाचे दोन लाकडी तुकडे आणि या माणसाला चौतीस वर्षं ओळखत होती. एक तुकडा उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार. दोन्ही उताणे पडले की देव हसला, प्रश्न नीट विचार.

"कितव्यांदा टाकल्यावर आला?"

त्याने मिशीला पुन्हा डिंक लावला.

"थियामलाय, कितव्यांदा?"

"सहाव्यांदा."

"आधीचे पाच?"

"तीनदा हसला. दोनदा नाही म्हणाला."

सुआतला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिला रडू फुटलं, त्यामुळे तिने शेजारची बादली उचलून उगाचच दुसरीकडे ठेवली. "देवाने पाचदा सांगितलं जा म्हणून. सहाव्यांदा तो कंटाळला, बाबा."

"चतुर्थीला देव परत आले की पुन्हा विचारतो. नीट विचारतो."

"नाही. देव गेलेत. मी आत्ताच घोडे जाळले. दहा दिवस देवघरात कुणी नाही. या घरात आता विचारायचं तर मलाच विचारावं लागेल, आणि मी एकदाच पडते." तिने त्याच्या हातातून सेनापती काढून घेतला. "परवा सकाळची बस. नाही म्हणालास तर बायकांची पेटी उचलते आणि माहेरी जाते. तुझ्या काय कामाची आहे ती."

हे शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. पण लागलं ते तेच. थियामलायने मान खाली घातली आणि पहिल्यांदाच म्हणाला, "मला भीती वाटत होती गं. कागदाची नव्हे, त्याच्या पुढची. डॉक्टर म्हणाला बोलू नका, तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही."

परवा ते शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेले. वर्षअखेरीला इस्पितळात पाऊल ठेवायला कुणी धजावत नाही, त्यामुळे गर्दी नव्हती. डॉक्टर शू नावाची चाळिशीची बाई होती, बोलायला सरळ. तिने बारीक नळी नाकातून आत घातली आणि पडद्यावर त्याचा गळा दाखवला. सुआतने मान फिरवली नाही. पाच माणसं जिथे राहत होती ती जागा एवढीशी होती. आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, त्यातली उजवी हलत होती. डावीवर फुलकोबीसारखं काही उगवलं होतं आणि ती हलत नव्हती.

"आवाज कधीपासून बसलाय?" डॉक्टरने विचारलं.

"महिना झाला असेल," थियामलाय म्हणाला. "सर्दीनंतर."

ताकाला जाऊन भांडं लपवायची ही त्याची सवय जुनी होती, पण आज सुआत लपवू देणार नव्हती. "आठव्या महिन्याची पौर्णिमा ते नववा महिना, नवमी," ती म्हणाली. "या दोन तारखांच्या मध्ये."

डॉक्टरने वर बघितलं. "इतकं नेमकं कसं सांगता?"

"पौर्णिमेला छुइलान बोलली. माझ्या हातातून गेली आणि परत आली, कॉलर मी धुतली. नवमीपासून एकही बाई बोललेली नाही. आधी तरुण पोरी गेल्या. मग म्हाताऱ्या बायका, त्यांचा आवाज जाड असतो, त्या अजून काही दिवस जमल्या असत्या, पण याने त्यांनाही बाहेर काढलं नाही, कुणाला कळू नये म्हणून. अकराव्या महिन्यात नायकाने बोलणं कमी केलं. आता सेनापती आणि विदूषक राहिलेत."

डॉक्टर शूने लिहिणं थांबवलं होतं. थियामलाय जमिनीकडे बघत होता. खोटं पकडलं गेल्यापेक्षा, आपण इतक्या काळजीने लपवलेलं ही बाई वेळापत्रकासारखं म्हणून दाखवते आहे, याचंच त्याला जास्त वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढला. निकाल नव्या वर्षाच्या षष्ठीला मिळणार होता, पण डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. पट्टी हलत नाही म्हणजे गाठ आत शिरली आहे. बहुधा स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वास मानेवरच्या भोकातून घ्यावा लागेल. जीव वाचायची आशा चांगली आहे, पण आता दिवस घालवायचे नाहीत.

थियामलाय कपडे घालायला गेला तेव्हा सुआतने विचारलं, "डिसेंबरमध्ये आलो असतो तर?"

डॉक्टरने थोडा विचार केला. "पट्टी तेव्हा हलत असेल तर कदाचित नुसत्या किरणांवर भागलं असतं. आवाज राहिला असता. नक्की नाही सांगू शकत."

"आणि नवव्या महिन्यात?"

"तेव्हा शक्यता पुष्कळ होती," डॉक्टर म्हणाली आणि मग हळूच, "पण हे तुम्ही त्यांना सांगू नका."

सुआतने सांगितलं नाही. पण स्वतःला मात्र ती रोज सांगायची. गार पाण्यातून सुटका झाली म्हणून अंगणातून हसत आत गेलेली ती बाई तिला पुन्हा पुन्हा दिसायची आणि तिला एक ठेवून द्यावीशी वाटायची. नवं वर्ष असं गेलं. आमच्याकडे त्या दिवसांत आजार, औषध, मरण हे शब्दसुद्धा तोंडातून काढत नाहीत. पाहुणे आले, संत्री देऊन गेले, मास्तरांचा आवाज काय पिकलाय म्हणाले. ती चहा ओतत राहिली आणि प्रत्येक वेळी कपाबाहेर सांडला.

चतुर्थीला देव परत आले. थियामलायने आंघोळ करून उदबत्ती लावली आणि कौलाचे तुकडे घ्यायला हात घातला. तिथे एकच होता.

"दुसरा कुठंय?"

"तांदळाच्या डब्यात," सुआत स्वयंपाकघरातून म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "शस्त्रक्रियेचं विचारणार असशील तर तो तिथेच राहू दे."

"शस्त्रक्रियेचं नाही विचारणार." तो दारात येऊन उभा राहिला. एकेक शब्दाला त्याला जोर लावावा लागत होता. "जन्मभर टेपवाल्यांना शिव्या दिल्या मी. आवाज डबीत भरून आणतात आणि नुसते हात हलवतात, देवाला शिळं वाढतात, असं म्हणायचो. आता विचारायचंय, मीच टेप केली तर राग येईल का."

सुआतने डब्यात कोपरापर्यंत हात घालून तुकडा काढला. त्याला तांदूळ चिकटले होते. थियामलायने दोन्ही तुकडे कपाळाला लावून सोडले. दोन्ही उताणे पडले.

"हसला," थियामलाय म्हणाला.

"हसेलच. हसू दे." तिने अंगणातल्या दिराला हाक मारली. "आ-गोआन, तुझ्या त्या मेव्हण्याचं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन ये."

षष्ठीला निकाल आला, तोच. द्वादशीला शस्त्रक्रिया ठरली. मधले दिवस घराची दारं-खिडक्या बंद करून, कोंबड्या शेजाऱ्यांकडे पाठवून, थियामलाय यंत्रासमोर बसला. कागद नव्हताच, सगळं डोक्यात. दंडाधिकाऱ्याच्या मुलीची अख्खी गोष्ट, तीन दिवसांची. सेनापती झाला. विदूषक झाला, आणि आ-गोआन इतका हसला की तो भाग पुन्हा करावा लागला. म्हातारा झाला. नायक अर्ध्या आवाजात, पण झाला. मग छुइलानचं पहिलं वाक्य आलं. थियामलायने बाहुली हातात चढवली, मान थोडी तिरकी केली, डोळे मिटले. तोंडातून हवा आली. पुन्हा घेतलं. पुन्हा हवा. सातव्यांदा घेताना त्याच्या मानेच्या शिरा टरटरून फुगल्या आणि आ-गोआनने यंत्र बंद केलं.

"दादा, पुरे."

थियामलायने बाहुली उतरवली नाही. तो कुजबुजला, "जागा सोड तिच्यासाठी. ती बोलते तेवढा वेळ. मी मनात म्हणतो, तू चालू ठेव." आणि मग तीन दिवस तसंच झालं. छुइलानची वेळ आली की खोलीत कुणी बोलत नसे, टेप फिरत राही, थियामलायचे ओठ हलत, आणि ते थांबले की नायक तिला उत्तर देई. सुआत कोपऱ्यात बसून मिशा शिवत होती. सगळे ऐकू येत होते, छुइलान एकटीच ऐकू येत नव्हती. जी पहिल्यांदा गेली तीच. तिच्यामागोमाग त्याच आठवड्यात उठून इस्पितळात गेलो असतो तर, असं सुआतच्या मनात आलं आणि सुई बोटात गेली.

शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे महिने काही सांगण्यासारखे नाहीत. किरणं झाली, अंगावरचं मांस उतरलं, मानेवरचं भोक पुसायला सुआत शिकली आणि तो पाटीवर लिहायला शिकला. अक्षर वाईट होतं. पहिल्यांदा त्याने लिहिलं, "सिगरेट," आणि सुआतने पाटी पुसून टाकली. मात्सूआईच्या वाढदिवसाचे तीन दिवस दुसऱ्या मंडळीने केले. बुनपिन भेटायला आला, मानेकडे बघून खाली बसला आणि म्हणाला, "मास्तर, मीच म्हणालो होतो ना, आवाज असाच ठेवा." थियामलायने पाटीवर लिहिलं, "ठेवला नाही. काढला."

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला भूमीदेवाच्या देवळाने पुन्हा बोलावलं. दुपारचा खेळ. समोर चार म्हातारे, दोन नातवंडं आणि बुनपिन. थियामलाय रंगमंचामागे आपल्या जागी उभा राहिला, मानेवर पातळ रुमाल, दोन्ही हात वर. आ-गोआनने टेप लावली. सेनापती गरजला तसे म्हातारे दचकून सरळ बसले. ज्याचा गळा गेला तो माणूस समोर उभा होता आणि त्याचाच गळा डोक्यावरच्या कर्ण्यातून गावभर फिरत होता. सुआत एकामागून एक बाहुल्या देत होती. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मग त्याने मागे उजवीकडे हात केला.

वर्ष झालं होतं त्या हाताला उजवीकडे येऊन. तिने छुइलान त्यावर चढवली. फिकट हिरवा झगा, कापराचा वास. छुइलान रंगमंचावर आली, मान तिरकी करून उभी राहिली, आणि टेपवर शांतता सुरू झाली. बाहेर एक म्हातारा म्हणाला, "यंत्र बिघडलं वाटतं." सुआतला वाक्य पाठ होतं. चौतीस वर्षांत तिने ते दोन-तीन हजारदा ऐकलं असेल. 'बाबा, दार लावू नका, तो अजून यायचा आहे.' पण या खेळात बाईमाणूस कधी मागून बोललं नव्हतं, आणि तिचा आवाज भाजीवालीशी घासाघीस करायचा आवाज होता. टेप फिरत होती. नायकाचं उत्तर येऊन जाईल आणि छुइलान काही न बोलताच निघून जाईल, पुन्हा पेटीत. एकदा गप्प बसून काय झालं ते तिने पाहिलं होतं.

ती पुढे सरकली तसा आ-गोआनने कर्ण्याचा माईक तिच्या तोंडाशी धरला. "बाबा," सुआत म्हणाली. आवाज चिरका निघाला. बाहेर कुणीतरी खुदकन हसलं आणि ती थांबली.

थियामलायने वळून पाहिलं नाही. छुइलानने त्याच्या हातावरून मान वळवली आणि पडद्याआड, सुआतकडे पाहिलं. मग त्याने फळीवर पाय आपटला, दोनदा. वाजवणाऱ्याला, हात देणाऱ्याला, सगळ्यांना तो आयुष्यभर असाच सांगत आला होता. पुढे.

"दार लावू नका," सुआत म्हणाली, "तो अजून यायचा आहे."